एंजिन बांधताना ऑइल पंप कोणता बसवावा?

(जीप, मोटार व ट्रॅक्टर बाळगणाऱ्या सभासदांसाठी)



गळीत हंगाम आटोपला आणि पाऊस तोंडावर आला, की आपल्या भागातल्या जीपगाड्या, मोटारी आणि ट्रॅक्टर संभाजीनगरच्या वाटेला लागतात. हंगामभर टोळ्यांची ने-आण, डिझेलचे कॅन, फडातली धूळ आणि रात्रीअपरात्रीच्या खेपा सोसून एंजिन थकलेले असते. कुणाचे धूर टाकते, कुणाचे ऑइल खाते, कुणाचे बेअरिंग वाजते. मग मिस्त्री एंजिन उतरवतो. बोअर, पिस्टन, रिंगा, क्रँक ग्राइंडिंग, नवे बेअरिंग शेल, व्हॉल्व्हचे काम अशी यादी लांबत जाते आणि ऊसबिलाचा एखादा हप्ता त्यात सहज जिरतो.

या सगळ्या यादीत एक वस्तू बहुधा शेवटी येते किंवा येतच नाही. ती म्हणजे ऑइल पंप. "फिरतोय ना? मग राहू द्या की" असे म्हणून जुनाच पंप धुऊन पुसून परत बसवला जातो. याच्या उलट काही हौशी मंडळी दुकानात जाऊन "सगळ्यात जास्त प्रेशरचा पंप द्या" म्हणतात. या दोन्ही वाटा घातक आहेत. एंजिन बांधण्याच्या एकूण खर्चात पंपाचा वाटा अगदी थोडा असतो, पण निवड चुकली तर बाकीचा सगळा खर्च पाण्यात जातो. म्हणून नव्याने बांधलेल्या एंजिनाला पंप कसा निवडावा, कसा तपासावा आणि कसा बसवावा, याची माहिती या पाठात घेऊ.

१. पंपाचे काम नेमके काय?

एंजिनाच्या तळाशी जो पत्र्याचा किंवा बिडाचा डबा असतो, त्याला आपले मिस्त्री 'चेंबर' म्हणतात. त्यात ऑइल असते. पंप ते ऑइल जाळीतून ओढतो आणि पुढे ढकलतो. ऑइल फिल्टरमधून जाते, तेथून ब्लॉकमधल्या मुख्य वाहिनीत म्हणजे गॅलरीत, गॅलरीतून मेन बेअरिंगला, क्रँकच्या आतल्या भोकांतून कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला, कॅमशाफ्टला आणि सर्वांत शेवटी वर हेडमधल्या रॉकरला. काम करून झाले, की ते गळत गळत परत चेंबरमध्ये येते.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. पंप स्वतः प्रेशर तयार करत नाही. पंप ठराविक फेऱ्यांत ठराविक ऑइल पुढे ढकलतो, एवढेच. त्या ऑइलला पुढे जायला वाट अरुंद असली, तर मागे दाब साठतो. तोच आपल्याला मीटरवर दिसतो. वाट सैल झाली, की तेवढेच ऑइल सुळकन निघून जाते आणि मीटरचा काटा खाली येतो.

ठिबक बसवलेल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. मोटार तीच, विहीर तीच. पण सबमेनला कुठे फूट पडली, की फिल्टरजवळच्या गेजचा काटा उतरतो आणि शेवटच्या लॅटरलच्या ड्रिपरला पाणी पोचत नाही. तेव्हा शहाणा माणूस आधी फूट शोधतो, मोठी मोटार आणायला धावत नाही. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे. टेलच्या शेतकऱ्याला विचारा. धरण भरलेले असले, तरी वाटेत पाणी किती जिरते आणि किती फुटते, यावर त्याचे पीक ठरते. एंजिनात रॉकरशाफ्ट हा असाच टेलचा शेतकरी आहे.

२. बेअरिंगचा क्लिअरन्स आणि ऑइलची गळती

क्रँकचा जर्नल आणि बेअरिंग शेल यांच्यामध्ये बारीक जागा ठेवलेली असते. तिला क्लिअरन्स म्हणतात. जुना ढोबळ नियम असा, की जर्नलच्या दर एक इंच व्यासाला एक हजारांश इंच क्लिअरन्स. म्हणजे जर्नल दोन इंचाचा असेल, तर क्लिअरन्स साधारण दोन हजारांश इंच. लेथवर काम करणारे याला 'दोन थाऊ' म्हणतात. अर्थात ज्या-त्या एंजिनाच्या मॅन्युअलमध्ये जो आकडा असेल, तोच अंतिम.

क्रँक फिरू लागली, की या जागेतल्या ऑइलचा पातळ थर जर्नलला उचलून धरतो आणि धातू धातूला लागत नाही. हा थर पंपाच्या प्रेशरने उभा राहत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसते. जर्नल फिरताना ऑइलला स्वतःबरोबर पाचरीसारखे ओढतो आणि त्या पाचरीत दर चौरस इंचाला हजारो पौंडांचे प्रेशर तयार होते. मीटरवर दिसणारे चाळीस पौंड त्यापुढे काहीच नाहीत. मग पंपाचे काम कोणते? बेअरिंगच्या कडांतून जे ऑइल सतत निसटते, त्याची भरपाई करत राहणे आणि वाहत्या ऑइलबरोबर बेअरिंगची उष्णता काढून नेणे. भरपाई थांबली, की थर तुटतो आणि शेल जर्नलला चिकटतो. यालाच आपण 'बेअरिंग धरले' म्हणतो.

आता गळतीचा हिशेब पाहा. बारीक फटीतून निसटणारे ऑइल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. क्लिअरन्स दोन थाऊंचा तीन थाऊ झाला, तर गळती दीडपट होत नाही, जवळजवळ साडेतीनपट होते. दोनाचा चार झाला, तर आठपट. म्हणून जुन्या एंजिनात मीटरचा काटा खाली येतो तेव्हा दोष पुष्कळदा झिजलेल्या बेअरिंगचा असतो आणि नाव पंपाचे निघते. म्हणूनच एंजिन नीट बांधले, क्रँक योग्य मापाला ग्राइंड झाली आणि शेल बरोबर अंडरसाइजचे बसले, तर कंपनीच्या मूळ मापाचा पंप त्या एंजिनाला पुरतो. त्या एंजिनाच्या आखणीतच तो हिशेब केलेला असतो.

३. पंपाचे दोन प्रकार

आपल्याकडच्या गाड्यांत व ट्रॅक्टरांत मुख्यतः दोन प्रकार आढळतात.

गिअर पंप : एका बिडाच्या घरात सारख्या आकाराची दोन गिअर एकमेकांत अडकून फिरतात. ऑइल दातांच्या खाचांत भरून घराच्या भिंतीकडेने पुढे जाते.

रोटर पंप : आतला रोटर आणि बाहेरचे कडे असे दोन भाग असतात. आतल्याला बाहेरच्यापेक्षा एक पाकळी कमी असते आणि तो थोडा एका बाजूला सरकवून बसवलेला असतो. दोन्ही फिरताना मधली जागा कमी-जास्त होते आणि त्यातून ऑइल ओढले व ढकलले जाते.

अमुक प्रकार चांगला, तमुक वाईट असे काही नाही. एंजिनाला जो प्रकार मूळचा आहे, तोच बसवावा. पंपाला गती कोठून मिळते, हे मात्र पाहावे. काही एंजिनांत पंप कॅमशाफ्टवरून चालतो, म्हणजे एंजिनाच्या निम्म्या गतीने फिरतो. काहींत क्रँकच्या गिअरवरून चालतो. जुन्या पेट्रोल एंजिनांत पुष्कळदा एकाच गिअरवरून पंप आणि डिस्ट्रिब्युटर दोन्ही फिरतात. अशा एंजिनाचा पंप काढण्याआधी खूण करून ठेवावी. पंप एक दात पुढे-मागे बसला, तर टायमिंग बिघडते आणि मग मालक कार्बुरेटरला दोष देत बसतो.

४. जुना पंप ठेवावा का?

ऑइल आधी पंपातून जाते आणि मग फिल्टरमधून, एवढे जरी लक्षात ठेवले तरी या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. फिल्टर बेअरिंगचे रक्षण करतो, पंपाचे करत नाही. जाळी मोठे तुकडे अडवते, बारीक कीस अडवत नाही. म्हणजे एंजिन बिघडले तेव्हा शेलचा, रिंगांचा, पिस्टनचा जेवढा कीस निघाला, तो सगळा आधी पंपाने चावला आहे.

म्हणून ज्या एंजिनाचे बेअरिंग गेले, क्रँक धरली किंवा पिस्टन फुटला, त्याचा पंप परत बसवू नये. तपासत बसायचे कारण नाही. एंजिन केवळ ऑइल खात होते, धूर टाकत होते, बेअरिंग मात्र शाबूत होते, असे असेल तर पंप उघडून मापावा आणि मग ठरवावे.

मापायला महागडे यंत्र लागत नाही. एक सरळ पोलादी पट्टी आणि एक फिलर गेज पुरते.

(अ) झाकण काढून घराच्या तोंडावर पट्टी आडवी ठेवावी आणि पट्टी व गिअर किंवा रोटर यांमधली फट मोजावी. ही उभी ढिलाई सर्वांत महत्त्वाची आहे. साधारण एक ते तीन थाऊ चांगली, पाच थाऊंच्या पुढे पंप बाद समजावा.

(आ) रोटर पंपात आतल्या रोटरच्या पाकळीचे टोक आणि बाहेरचे कडे यांमधली फट मोजावी. बऱ्याच एंजिनांत सहा थाऊंच्या आसपास मर्यादा दिलेली असते.

(इ) बाहेरचे कडे व घर यांमधली फट पाहावी. येथे दहा-बारा थाऊंपर्यंत चालते, असे अनेक मॅन्युअल सांगतात.

(ई) झाकणाच्या आतल्या बाजूला गोल चर पडला आहे का, ते नखाने पाहावे. नख अडकले, तर झाकण झिजले आहे. किरकोळ चर काचेवर बारीक एमरी पेपर ठेवून घासून काढता येतो. खोल चर असेल तर पंप बदलावा.

(उ) शाफ्ट बोटांनी हलवून पाहावा. डुलत असेल तर बुश गेलेले आहे.

वरचे आकडे अंदाजासाठी आहेत. आपल्या एंजिनाच्या मॅन्युअलमधला आकडा वेगळा असेल, तर तोच धरावा.

आता कुणी म्हणेल, "अहो, दोन-चार थाऊंनी काय होतंय?" त्याचा हिशेब मांडू. समजा, एक पंप दर फेरीला १२ मिलिलिटर ऑइल ढकलतो आणि कॅमशाफ्टवरून चालतो. एंजिन ७०० फेऱ्यांवर स्लो चालू आहे, म्हणजे पंप ३५० फेऱ्या घेतो आणि मिनिटाला ४.२ लिटर ऑइल देतो. पंप आतून झिजल्यामुळे त्यातले दोन लिटर आतल्या आत मागे फिरते असे धरा. एंजिनाला उरले सव्वादोन लिटर, म्हणजे जेमतेम निम्मे. तीच गाडी रस्त्यावर ३००० फेऱ्यांवर चालते तेव्हा पंप १८ लिटर देतो. तेव्हा दोन-तीन लिटर मागे गेले, तरी मीटरवर फरक जाणवत नाही.

झिजलेला पंप पळत्या गाडीत लपतो आणि गरम एंजिन स्लो केल्यावर उघडा पडतो, तो यामुळे. काट्यावर वजन करून घ्यायला रांगेत उभी असलेली जीप, स्लो चालू, एंजिन तापलेले आणि ऑइलचा लाल दिवा मिचमिचतोय, हे दृश्य अनेकांच्या परिचयाचे असेल. "रेस दिली की जातो" म्हणून दुर्लक्ष करू नये. तो दिवा साधारण पाच ते सात पौंडांखाली प्रेशर गेल्यावर लागतो. म्हणजे दिवा विझला याचा अर्थ प्रेशर पुरेसे आहे असा नव्हे. अगदीच संपलेले नाही, एवढाच आहे. म्हणून एंजिन बांधल्यावर आकडे दाखवणारे मीटर जरूर बसवून घ्यावे. गरम एंजिनाला दर हजार फेऱ्यांमागे दहा पौंड प्रेशर हा जुना ढोबळ हिशेब आजही कामाचा आहे.

५. मोठा पंप, जड स्प्रिंग आणि वॉशरची युक्ती

प्रत्येक एंजिनात एक रिलीफ व्हॉल्व्ह असतो. कधी तो पंपातच असतो, कधी ब्लॉकमध्ये. स्प्रिंगने दाबलेला एक लहान दट्ट्या किंवा गोळी, एवढीच त्याची रचना. प्रेशर ठरलेल्या मर्यादेपुढे गेले, की दट्ट्या उचलला जातो आणि जास्तीचे ऑइल चेंबरमध्ये परत पडते.

मीटर कमी दाखवते म्हणून काही मिस्त्री या स्प्रिंगखाली एक-दोन वॉशर घालतात. मालकही खूश होतो, कारण रस्त्यावर काटा वर दिसतो. पण जरा विचार करा. गरम एंजिन स्लो असताना प्रेशर मुळातच कमी असते. तेव्हा हा व्हॉल्व्ह बंदच असतो. बंद दाराला आणखी कडी घालून घरातली गळती थांबेल काय? वॉशरने फक्त वरची मर्यादा वाढते. जिथे खरी टंचाई आहे, तिथे थेंबभरही ऑइल जास्त मिळत नाही. उलट सकाळी थंड, दाट ऑइलवर एंजिन सुरू केले, की प्रेशर भलते वाढते, फिल्टरच्या गॅसकेटवर ताण येतो आणि पंपाच्या ड्राइव्ह गिअरची झीज वाढते.

'हेवी' किंवा मोठ्या मापाच्या पंपाचेही असेच आहे. नीट बांधलेल्या एंजिनाला जेवढे ऑइल लागते, त्यापेक्षा जास्त ढकलले तर जास्तीचे रिलीफ व्हॉल्व्हमधून परत चेंबरमध्ये पडणार. म्हणजे एंजिनाची ताकद खर्चून ऑइल गोल गोल फिरवायचे आणि तापवायचे. ड्राइव्ह गिअरवर भार वाढतो तो निराळाच.

मग मोठा पंप कधीच लागत नाही काय? लागतो. ज्या एंजिनात टर्बो आहे, पिस्टनला खालून ऑइलचा फवारा देणारे जेट आहेत किंवा ऑइल कूलर आहे, त्यांना मूळ कंपनीच मोठा पंप देते. म्हणून एकाच नावाच्या एंजिनाच्या टर्बो व साध्या प्रकारांचे पंप वेगळे असू शकतात. साध्याचा पंप टर्बोला बसवला तर टर्बो आणि पिस्टन दोन्ही धोक्यात. बोल्टची भोके जुळली म्हणजे पंप जुळला, असे नाही.

फार दाट ऑइल टाकून मीटर वर आणणे हाही त्यातलाच प्रकार. दाट ऑइल पहाटेच्या थंडीत वर रॉकरपर्यंत चढायला वेळ घेते आणि सुरू होतानाचे ते काही क्षणच एंजिनाला सर्वांत जास्त झिजवतात. मॅन्युअलमध्ये जो ग्रेड दिला आहे, तोच वापरावा.

६. खरेदी करताना

आपल्या भागातल्या जुन्या गाड्यांची गंमत अशी, की नाव एक आणि आत एंजिन दुसरेच. महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्या जीपचे पेट्रोल एंजिन वेगळे, पुढे आलेली डिझेल एंजिने वेगळी. वालचंद हिराचंद हे साखरधंद्यातलेही मोठे नाव. इंदापूर तालुक्यातले वालचंदनगर त्यांचेच. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली फियाट आणि नंतरची पद्मिनी यांचे एंजिन १०८९ सी.सी.चे. अँबॅसडरमध्ये तर १४८९ सी.सी.चे पेट्रोल एंजिन, डिझेल एंजिन आणि नंतरचे इसुझुचे १.८ लिटरचे पेट्रोल एंजिन अशी निरनिराळी एंजिने आली. तिचे उत्पादन २०१४ साली थांबले. शिवाय आपल्याकडे पेट्रोल काढून डिझेल एंजिन टाकलेल्या गाड्याही थोड्या नाहीत.

तेव्हा "अँबॅसडरचा पंप द्या" किंवा "जीपचा पंप द्या" एवढे सांगून भागत नाही. उत्पादन बंद झालेल्या गाड्यांचे पार्ट अनेक कारखान्यांचे येतात आणि त्यांत डावे-उजवे असते. पुढील गोष्टी पाळाव्यात.

(१) एंजिन नंबर आणि मॉडेल कागदावर लिहून न्यावे. पार्ट कॅटलॉगमधला पार्ट नंबर मिळाला तर फारच उत्तम.

(२) जुना पंप बाद झाला असला, तरी सोबत न्यावा. दोन्ही शेजारी ठेवून शाफ्टची लांबी, ड्राइव्ह गिअरचे दात, दातांचा तिरकेपणा उजवा की डावा, बोल्टची भोके आणि जाळीच्या नळीचे तोंड तपासावे.

(३) झाकण उघडू दिले, तर रोटरची किंवा गिअरची उंची मापावी. बाहेरून सारखे दिसणारे पंप आत कमी-जास्त उंचीचे असतात आणि त्यावरच ते किती ऑइल देतात, हे ठरते. नव्या पंपाची ढिलाईही वरच्याप्रमाणे फिलर गेजने पाहावी. नवा आहे म्हणून बरोबर आहे, असे धरू नये.

(४) शाफ्ट हाताने फिरवावा. सगळ्या फेरीत सारखा, मऊ फिरला पाहिजे. कुठे अडखळला तर घेऊ नये.

(५) रिलीफ व्हॉल्व्ह पंपात आहे की ब्लॉकमध्ये, ते विचारावे. ब्लॉकमध्ये असेल तर नव्या पंपाबरोबर तो नवा होत नाही. त्याचा दट्ट्या साफ करून, स्प्रिंगची लांबी मोजून, गरज पडल्यास वेगळा घ्यावा.

(६) पार्ट नंबर लिहिलेले पक्के बिल घ्यावे. जुन्या बाजारातला 'चालू' पंप स्वस्त मिळतो, पण तो कुठल्या मेलेल्या एंजिनातून निघाला, हे कुणी सांगत नाही.

मापाबद्दल शंका असेल तर संकोच करू नये. चिकलठाणा आणि वाळूजच्या औद्योगिक वसाहतींत थाऊंच्या हिशेबात रोज काम करणारे कारागीर आहेत. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि सुट्या भागांचे अनेक लहान-मोठे कारखाने आसपास उभे राहिले. आपल्याच गावांतली पोरे तिथे मायक्रोमीटर हातात घेऊन उभी असतात. क्रँक ग्राइंडिंग झाल्यावर प्रत्येक जर्नलचे माप कागदावर लिहून मागावे. जो लिहून देतो, त्याचे काम बहुधा चोख असते.

७. बसवताना घ्यायची काळजी

पंप कितीही चांगला आणला, तरी बसवण्यात चूक झाली तर उपयोग नाही.

पहिली गोष्ट, ब्लॉक आणि क्रँकमधल्या ऑइलच्या वाहिन्या. ग्राइंडिंग व बोअरिंगचा कीस आणि दगडाची भुकटी यांत अडकून बसते. गॅलरीच्या टोकांचे प्लग काढून, लांब ब्रशने घासून, डिझेलने धुऊन, हवा मारून त्या साफ कराव्यात. नुसते वरून धुणे उपयोगाचे नाही.

दुसरी गोष्ट, जाळी आणि तिची नळी. नळीच्या जोडावरची रिंग किंवा गॅसकेट नवी घालावी. तिथून हवा ओढली गेली तर पंप ऑइलऐवजी फेस ढकलतो. जाळी आणि चेंबरचा तळ यांत साधारण पाव ते तीन अष्टमांश इंच अंतर हवे. आपल्या जीपगाड्या नाल्यातून, बांधावरून जातात, दगड लागून चेंबर आत दबतो. दबलेला तळ जाळीला चिकटला, तर ऑइल भरपूर असूनही पंप उपाशी राहतो. चेंबर आधी सरळ करून घ्यावा.

तिसरी गोष्ट, गॅसकेट पेस्ट. पंपाच्या झाकणाला व तोंडाला कंपनीने दिलेलेच गॅसकेट लावावे. जाड कागद कापून घातला तर उभी ढिलाई तेवढी वाढते, म्हणजे नवा पंप बसवता बसवताच जुना झाला. सिलिकॉन पेस्ट भरमसाट लावली, तर आत आलेल्या गुठळ्या सुटून जाळीत जाऊन बसतात.

चौथी गोष्ट, कोरडा पंप बसवू नये. रोटरच्या खाचांत स्वच्छ एंजिन ऑइल ओतून तो हाताने फिरवावा, किंवा पेट्रोलियम जेली भरावी. ती तापल्यावर विरघळते. चाकाच्या बेअरिंगचे ग्रीस मात्र कधीही भरू नये, ते विरघळत नाही.

८. पहिल्यांदा सुरू करताना

नव्या एंजिनाचा पहिला अर्धा मिनिट फार मोलाचा. त्याची घाई करू नये. नवे ऑइल व नवा फिल्टर घालून, फिल्टर उभा बसत असेल तर आधी ऑइलने भरून घ्यावा. डिझेल एंजिनाचा स्टॉप ओढून ठेवावा. पेट्रोल असेल तर प्लग काढावेत आणि इग्निशनची वायर सोडावी. मग दहा-पंधरा सेकंद स्टार्टर मारावा, थोडा वेळ थांबावे, पुन्हा मारावा. मीटरचा काटा हलेपर्यंत असे करावे. काटा हलला, की मगच एंजिन सुरू करावे.

सुरू झाल्यावर दहा सेकंदांत प्रेशर दिसले नाही, तर तत्काळ बंद करावे. "चढेल हो, जरा रेस द्या" या सल्ल्याने किती नव्या क्रँक गेल्या असतील, त्याची गणती नाही. प्रेशर आले, तरी टप्पेट कव्हर उघडून रॉकरवर ऑइल पोचते का, हे डोळ्यांनी पाहावे. टेलला पाणी पोचले, म्हणजे कालवा ठीक आहे. मग गरम एंजिनाचे स्लोवरचे आणि १५०० फेऱ्यांवरचे प्रेशर वहीत तारखेसह लिहून ठेवावे. पुढे कधी काटा उतरला, तर तुलना करायला तो आकडा उपयोगी पडतो.

पहिले ऑइल व फिल्टर लवकर बदलावे : मोटार व जीपला ५०० ते १००० किलोमीटरवर, ट्रॅक्टरला ५० तासांवर. काढलेले ऑइल पांढऱ्या कापडातून गाळून पाहावे. थोडी बारीक चकाकी चालते. सोनेरी-तांबूस कण किंवा पापुद्रे दिसले, तर चेंबर खोलून बेअरिंग पाहावे. त्या वेळी काम थोडक्यात निभावते.

मिस्त्रीला कोणते प्रश्न विचारावेत?

एंजिन उतरवण्यापूर्वी मिस्त्रीशी बोलताना पुढील पाच प्रश्न विचारावेत : जुना पंप उघडून माझ्यासमोर मापणार का? प्रत्येक जर्नलचे माप आणि शेलचा अंडरसाइज लिहून देणार का? गॅलरीचे प्लग काढून सफाई करणार का? रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग तपासणार का? सुरू करण्याआधी प्रेशर चढवून दाखवणार का?

चांगल्या मिस्त्रीला या प्रश्नांचा राग येत नाही. त्याला उलट बरे वाटते, कारण पंपाचे पैसे वाचवा म्हणून मालकच अनेकदा मागे लागलेला असतो आणि एंजिन बसले, की बोल मात्र मिस्त्रीला लागतो. पुढचा हंगाम सुरू झाला, टोळ्या आल्या, ऊसतोडीचा क्रम लागला, की गाडीला एक दिवसाचीही उसंत नसते. तेव्हा पावसाळ्यातच, हाताशी वेळ असताना, पंपाचा निर्णय मापून, बघून आणि आपल्या एंजिनाच्या नंबराप्रमाणे घ्यावा, ही सर्व सभासदांना विनंती.